दोन नावांचा खेळाडू : जॉनी मुलाघ

मेलबर्नच्या विख्यात क्रिकेट मैदानावर दरवर्षी २६ डिसेंबरला कसोटी सामना सुरू होतो. २०२० साली त्या सामन्यात भारतीय संघाचे नेतृत्व अजिंक्य रहाणे यांच्याकडे होते. त्याआधीच्याच अॅडलेड कसोटीत भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला होता आणि मालिका हातची गेली असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. अशा वेळी रहाणे यांनी ११२ धावांची संयमी खेळी केली. भारताने सामना आठ गडी राखून जिंकला आणि संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या या कर्णधाराच्या गळ्यात सामनावीराचे पदक पडले. ते पदक त्या वर्षी पहिल्यांदाच दिले जात होते. त्याची घडण दीडशे वर्षांपूर्वीच्या एका क्रिकेट संघाच्या कंबरपट्ट्यावरील बकलासारखी आहे आणि त्याला नाव आहे ते जॉनी मुलाघ यांचे.

महाराष्ट्रात त्या दिवशी घरोघरी आनंद साजरा झाला. मात्र ज्यांच्या नावाचे पदक आपल्या माणसाने मिळवले ते मुलाघ कोण, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. वसतिगृहात राहून शिकलेल्या, शिकणाऱ्या आणि आपल्या लेकरांना तेथे धाडणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे चरित्र जाणून घ्यावे, असे ते आहे.

जॉनी मुलाघ हे त्यांचे जन्मनाव नव्हे. त्यांच्या लोकांनी त्यांना दिलेले नाव होते उनारीमिन. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया प्रांताच्या पश्चिमेस, ग्लेनेल्ग नदीच्या परिसरात जर्डवाजली नावाचा आदिवासी समाज हजारो वर्षे नांदत होता. त्या समाजात १८४१ च्या सुमारास उनारीमिनचा जन्म झाला. काळ मोठा वाईट होता. इंग्रज वसाहतवाले मेंढ्यांचे कळप घेऊन याच सुमारास या प्रदेशात शिरले होते. ज्या गवताळ माळांवर कांगारू चरत आणि ज्या पाणवठ्यांवर आदिवासींचा निर्वाह चाले, ती सारी जमीन पाहता पाहता मेंढपाळीच्या विस्तीर्ण मळ्यांत वाटली गेली. ज्यांची ती भूमी होती ते त्याच भूमीवर उपरे ठरले. रोगराई, उपासमार आणि बंदुका यांनी एका पिढीत माणसांची संख्या झपाट्याने घटवली. जे उरले ते त्याच मळ्यांवर गडी म्हणून राबू लागले.

उनारीमिनही असाच मळ्यावर वाढला. हॅरो गावाजवळच्या त्या मळ्याचे नाव मुलाघ. घोड्यांची निगा राखणे, मेंढ्यांची लोकर कातरणे, कुंपणे दुरुस्त करणे ही त्याची कामे. गोऱ्या मालकांना आदिवासींची नावे उच्चारणे जड जाई, आणि ते शिकून घेण्याची त्यांना गरजही वाटत नसे. म्हणून ज्या मळ्यावर हा तरुण राबत होता त्या मळ्याचे नाव त्याला चिकटले. पुढे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांत जे नाव शेकडो वेळा छापले गेले, ते अशा रीतीने जणू मालकाच्या जनावरावर उमटवलेल्या खुणेसारखे त्याच्या वाट्याला आले. त्याचे खरे नाव त्याच्या आप्तांच्या ओठांवर आणि त्याच्या मनात राहिले.

पुढे संघात आलेल्या त्याच्या सोबत्यांची गतही याहून वेगळी नव्हती. ब्रिपुम्यारिमिनचा किंग कोल झाला. मुरुमगुनारिमनला टूपेनी, म्हणजे दोन पेन्स किमतीचे नाणे, असे नाव पडले. कुणाला बुलॉकी म्हटले गेले, कुणाला टायगर, कुणाला मॉस्किटो. काही नावे जनावरांची आणि कीटकांची, काही थट्टेची. माणसाला नाव ठेवणे आणि माणसाला नावे ठेवणे यांत मराठीने जो भेद केला आहे, तो या यादीत जवळजवळ पुसला गेला होता.

मळ्यांवर फावल्या वेळी गोरे लोक क्रिकेट खेळत. चेंडू आणून देण्यासाठी, खेळाडूंची संख्या भरून काढण्यासाठी आदिवासी गड्यांना बोलावले जाई. उनारीमिनने खेळ शिकला तो असा, कडेला उभे राहून आणि पाहून. त्याच्या अंगी चपळाई होती, नजर तीक्ष्ण होती आणि हातांत विलक्षण जोर होता. पण या देणग्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्याच्या ध्यानी आली असावी. साऱ्या मुलखात गोऱ्याला एक न्याय आणि काळ्याला दुसरा न्याय होता. या एवढ्याशा हिरवळीवर मात्र दोघांच्याही पाठीशी तीनच यष्ट्या रोवलेल्या होत्या. चेंडू यष्टीवर आदळला की मालकही बाद आणि गडीही बाद. चेंडू सीमेपार गेला की तो कुणाच्या बॅटीने गेला, यावरून धावा कमी होत नसत. ज्याला सर्वत्र उणे लेखले जाते त्याला आपले मोल पारखण्यासाठी अशी एखादी सम जागा लागते. उनारीमिनला ती क्रिकेटच्या मैदानात सापडली. त्याचा आत्मविश्वास कुणाच्या उपदेशातून आलेला नव्हता. रोजच्या सरावातून, एकेका धावेतून तो साचत गेला.

१८६० च्या दशकाच्या मध्याला ईडनहोप आणि हॅरो भागातील आदिवासी खेळाडूंचा एक संघ उभा राहिला. त्याला शिकवण्यासाठी टॉम विल्स हा त्या काळचा नामवंत क्रिकेटपटू आला. विल्सच्या वडिलांचा १८६१ साली क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. वसाहतीच्या त्या रक्तरंजित इतिहासात दोन्ही बाजूंनी माणसे मरत होती, आणि आदिवासी फार अधिक संख्येने मरत होते. तरीही विल्स या तरुणांमध्ये आला, राहिला आणि त्यांच्याबरोबर खेळला. २६ डिसेंबर १८६६ रोजी हा संघ मेलबर्नच्या मैदानावर मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध उतरला. सुमारे दहा हजार प्रेक्षक जमले होते. संघ हरला, पण मुलाघ यांची फलंदाजी जाणकारांच्या नजरेत भरली. आज ज्या तारखेला सुरू होणाऱ्या सामन्यात, ज्या मैदानावर त्यांच्या नावाचे पदक दिले जाते, ती तारीख आणि ते मैदान हेच.

यानंतरचे वर्ष हालअपेष्टांचे गेले. संघाला परदेशी नेण्याचे आश्वासन देणाऱ्या एका व्यवस्थापकाने पैशांचा घोळ केला आणि दौरा सिडनीतच कोसळला. मद्य, थंडी आणि आजार यांमुळे काही खेळाडू दगावले. उरलेले गावी परतले. मग चार्ल्स लॉरेन्स या इंग्रज खेळाडूने नव्याने जुळवाजुळव केली आणि स्वतः कर्णधारपद घेतले. आदिवासींच्या संरक्षणासाठी म्हणून नेमलेल्या सरकारी मंडळाचा या प्रवासाला विरोध होता. त्या विरोधामागे खेळाडूंच्या प्रकृतीची चिंता होती, तशीच आदिवासींच्या हालचालींवर आपला ताबा असावा ही वृत्तीही होती. शेवटी सहलीचे निमित्त सांगून खेळाडूंना गुपचूप किनाऱ्यावर नेण्यात आले आणि तेथून जहाजाने सिडनीला. ८ फेब्रुवारी १८६८ रोजी लोकर वाहून नेणाऱ्या पॅरामाटा नावाच्या जहाजातून तेरा आदिवासी खेळाडू इंग्लंडकडे निघाले. तीन महिन्यांहून अधिक काळ समुद्रात काढून १३ मे रोजी ते इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले.

ऑस्ट्रेलियाचा हा पहिला क्रिकेट संघ, ज्याने इंग्लंडचा दौरा केला. गोऱ्या ऑस्ट्रेलियनांचा संघ तेथे पोहोचला तो त्यानंतर दहा वर्षांनी. पहिली कसोटी खेळली गेली ती १८७७ साली. म्हणजे ज्या देशाच्या क्रिकेटचा आज जगभर दबदबा आहे, त्या देशाचे नाव घेऊन परक्या भूमीवर प्रथम उभे राहिले ते त्या देशात ज्यांना नागरिक म्हणूनही धड मोजले जात नव्हते असे तेरा जण.

इंग्लंडमधील प्रेक्षक आले ते मात्र सारेच क्रिकेटच्या ओढीने आले नव्हते. बऱ्याच जणांना दूरदेशची रानटी माणसे पाहायची होती. खेळाडूंचे चेहरे ओळखता येत नाहीत म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग नेमून दिला गेला, आणि प्रेक्षकांच्या हातातील धावपत्रिकेवर नावासमोर तो रंग छापला गेला. मळ्याने दिलेल्या नावानंतर आता रंगाची ही आणखी एक ओळख. सामना संपला की खेळाडूंना भालाफेक, बूमरँगचे खेळ, उलटी धाव, उंच उडी असे प्रयोग करून दाखवावे लागत. त्यांचा एक सोबती, डिक अ डिक, एका हातात अरुंद ढाल आणि दुसऱ्या हातात लाकडी सोटा घेऊन उभा राही आणि प्रेक्षकांनी जोराने फेकलेले चेंडू अंगाला लागू न देता परतवून लावी. लोक टाळ्या वाजवीत. त्या टाळ्यांत कौतुक किती आणि कुतूहल किती, हे खेळाडूंना कळत नसेल असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल.

मुलाघ यांनी या साऱ्याला उत्तर दिले ते बॅटने आणि चेंडूने. १२ आणि १३ जून १८६८ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर मेरिलबोन क्रिकेट क्लबविरुद्ध सामना झाला. क्रिकेटचे ते सर्वांत प्रतिष्ठित ठिकाण. समोर इंग्लंडच्या उच्चभ्रू समाजातील खेळाडू. मुलाघ यांनी पहिल्या डावात ७५ धावा केल्या आणि दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. पहिल्या डावात आदिवासी संघाने २१ धावांची आघाडी मिळवली. दुसऱ्या डावात मात्र तो ४५ धावांत गारद झाला आणि सामना ५५ धावांनी गमावला. पराभव झाला तरी त्या पहिल्या डावाने एक गोष्ट सिद्ध केली होती. केवळ तमाशा पाहायला आलेल्यांना क्रिकेट पाहावे लागले होते.

या सामन्याला दोन आठवडेही उलटले नव्हते तोच, २४ जून रोजी, किंग कोल लंडनच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या आजाराने मरण पावला. मायभूमीपासून हजारो मैलांवर त्याला पुरण्यात आले. १९८८ साली त्या जागी त्याच्या स्मरणार्थ ऑस्ट्रेलियातील निलगिरीचे झाड लावण्यात आले. प्रकृती ढासळल्यामुळे आणखी दोघांना ऑगस्टमध्ये परत पाठवावे लागले. संघ विरळ होत गेला, सामने मात्र थांबले नाहीत. उरलेल्यांवरचा भार वाढला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा मुलाघ यांच्या खांद्यांवर पडला.

त्या दौऱ्यात ४७ सामने झाले. १४ जिंकले, १४ हरले आणि १९ अनिर्णित राहिले. मुलाघ त्यांपैकी ४५ सामने खेळले. त्यांनी १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. त्यांनी टाकलेली षटके १,८७७ होती आणि त्यांतली ८३१ निर्धाव गेली. त्या काळी षटक चार चेंडूंचे असे. म्हणजे पाच महिन्यांच्या आत या माणसाने साडेसात हजार चेंडू टाकले. गरज पडली तेव्हा यष्टिरक्षणही केले. खेळपट्ट्या ओबडधोबड असत आणि शंभर धावांचा डावही मोठा मानला जाई, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचे वजन कळते. जॉर्ज टॅरंट हा त्या काळचा इंग्लंडचा धास्ती घेण्याजोगा वेगवान गोलंदाज. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत मुलाघ यांना मुद्दाम चेंडू टाकून पाहिले आणि त्यांच्याइतक्या चांगल्या फलंदाजाला आपण क्वचितच गोलंदाजी केली असेल, अशी कबुली दिली.

फेब्रुवारी १८६९ मध्ये संघ ऑस्ट्रेलियात परतला. स्वागताच्या कमानी उभारल्या गेल्या नाहीत. त्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने आदिवासींविषयी एक कायदा केला. नाव संरक्षणाचे होते. आदिवासींनी कोठे राहावे, कोणते काम करावे, मिळकतीचे काय व्हावे आणि त्यांची मुले कोणाच्या ताब्यात असावीत, हे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारच्या हाती गेला. लॉर्ड्सवर खेळून आलेल्या खेळाडूंना आता आपल्याच मुलखात मोकळेपणाने फिरणेही दुरापास्त झाले. तो संघ पुन्हा कधीच उभा राहिला नाही. बहुतेक खेळाडू हळूहळू अज्ञातात विरून गेले.

मुलाघ यांना मेलबर्न क्रिकेट क्लबने व्यावसायिक खेळाडू म्हणून ठेवून घेतले. एखाद्याने तेथेच पाय रोवले असते. मुलाघ थोड्याच काळात ते सोडून हॅरोला परतले. शहराच्या झगमगाटापेक्षा त्यांना आपल्या पूर्वजांची माती जवळची वाटली. तेथे ते मळ्यांवर मेंढ्या कातरीत, ससे पकडीत आणि दर हंगामात हॅरोच्या संघाकडून खेळत. १८७९ साली लॉर्ड हॅरिस यांचा इंग्लिश संघ ऑस्ट्रेलियात आला तेव्हा व्हिक्टोरियाकडून खेळण्यासाठी मुलाघ यांना बोलावणे आले. वयाची पस्तिशी उलटलेल्या या मळेकऱ्याने दुसऱ्या डावात ३६ धावा केल्या. त्या डावात त्यांच्याच धावा संघात सर्वाधिक होत्या. व्हिक्टोरियाकडून त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही.

त्यांच्या स्वभावाविषयी एक आठवण सांगितली जाते. हॅरोचा संघ परगावी सामन्यासाठी गेला होता. रात्रीच्या मुक्कामी सोबत्यांना नीटशी जागा मिळाली आणि मुलाघ यांना मात्र त्यांच्या वर्णामुळे हलक्या प्रतीची जागा देऊ करण्यात आली. त्यांनी भांडण केले नाही, विनवणीही केली नाही. ती जागा नाकारून ते रात्रभर उघड्यावर, आकाशाखाली झोपले. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. वेगळा पेला, वेगळी पंगत आणि वेगळी ओसरी यांचा दाह ज्यांनी सोसला आहे, त्यांना त्या रात्रीची थंडी ठाऊक आहे. मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असे परिस्थिती सांगत असते. आपल्या योग्यतेची ज्याला खात्री पटलेली असते तो छप्पर सोडतो, मान सोडत नाही.

मुलाघ यांनी विवाह केला नाही. अखेरची वर्षे त्यांनी पाइन हिल्स मळ्यावर स्वतःच्या श्रमावर जगत काढली. पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत ते मैदानात उतरत राहिले. १४ ऑगस्ट १८९१ रोजी त्यांचे निधन झाले आणि हॅरोच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांचे स्मारक उभारले. गावच्या मैदानाला त्यांचे नाव आहे. देशाने मात्र ओळख द्यायला फार वेळ घेतला. ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या मानकरी मंडळात त्यांचा समावेश झाला तो २०२० साली, मृत्यूनंतर तब्बल १२९ वर्षांनी.

या चरित्राचा आपल्या वसतिगृहाशी संबंध काय, असे कुणी विचारील. खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन येथे आलेल्या किती मुलांनी पहिल्या दिवशी हजेरी देताना आपले आडनाव पुटपुटत सांगितले असेल, ते आठवून पाहावे. पुढे नोकरीसाठी शहरात गेल्यावर, भाड्याने खोली शोधताना, नव्या सहकाऱ्यांत बसताना आडनावापाशी अडखळलेली जीभ आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. कुणी गावाचे नाव सांगून वेळ मारून नेतो, कुणी आडनावच बदलतो. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जगाने ओळख लपवायला भाग पाडले, तर लपवणाऱ्याचा तो गुन्हा ठरत नाही.

मुलाघ यांच्यापुढेही हाच पेच होता. त्यांचे खरे नाव धावफलकावर कधी लागले नाही. दुसऱ्याने दिलेल्या नावाने ते आयुष्यभर खेळले. तरीही मैदानात उभा असलेला माणूस उनारीमिनच होता. त्या नावामागची जमीन, आप्त आणि अपमान यांतले काहीही त्यांनी मनातून पुसले नाही. खेळ इतका चोख केला की मळ्याच्या मालकीची खूण म्हणून लागलेले नाव आज त्या मळ्यामुळे कुणाला आठवत नाही. ते आठवते त्यांच्यामुळे. आणि आता त्यांच्याविषयी लिहिताना जॉनी मुलाघ या नावाशेजारी उनारीमिन हे नावही आवर्जून लिहिले जाते.

आपल्या मुलामुलींनी अभ्यासात, खेळात, कलेत असेच काम करावे आणि हजेरीच्या वेळी आपले पूर्ण नाव मोकळ्या आवाजात सांगावे. या संस्थेच्या भिंतींआड त्यांना निदान एवढी सम जागा मिळावी, ही जबाबदारी मात्र आपणा सर्वांची, माजी विद्यार्थ्यांची, पालकांची आणि शिक्षकांची आहे.